ऑस्ट्रेलियात वर्क अँड हॉलिडे व्हिसावर असताना शनिवार-रविवारच्या सहली: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी २०२४ मध्ये खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला एक हजार जागा, निवड सोडतीने, मुक्काम बारा महिन्यांचा. मी तिथून परत येऊन आता पुन्हा ठाण्यात राहते आहे. नौपाड्यापासून खारघरपर्यंतच्या ओळखीपाळखीतून फोन येतात. व्हिसाच्या कागदांबद्दल कमी आणि सुट्टीच्या दिवसांबद्दल जास्त विचारतात, ते मला फार आवडतं. त्या फोनवर सांगितलेलं सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. भाडी आणि नियम बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात त्या-त्या राज्याची सरकारी वेबसाइट एकदा बघाच.

तिकडे शनिवार-रविवार सुट्टी मिळते ना?

बहुतेकांना नाही. या व्हिसावर आलेली मुलं कॅफे, हॉटेल, गोदाम, शेत अशा ठिकाणी कामाला लागतात आणि कॅफे-हॉटेलांचा खरा धंदा शनिवार-रविवारीच असतो. शिवाय त्या दिवशी पैसे जास्त मिळतात. हॉस्पिटॅलिटीच्या अवॉर्डनुसार, म्हणजे त्या क्षेत्राच्या पगाराच्या नियमांनुसार, कॅज्युअल (कायम नसलेल्या, तासावारी) कामगाराला शनिवारी मूळ दराच्या दीडपट, रविवारी पावणेदोनपट आणि सार्वजनिक सुट्टीला अडीचपट मिळतात. जुलै २०२५ मध्ये किमान मूळ दर ताशी २४.९५ डॉलर ठरला, म्हणजे रविवारचा एक दिवस सोडला तर किती सोडलं ते लगेच कळतं.

म्हणून तुमचा ‘वीकेंड’ बऱ्याचदा सोमवार-मंगळवार असेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मंगळवारी हॉस्टेल स्वस्त मिळतं, पार्किंग मोकळं असतं आणि धबधब्यापाशी तुम्ही आणि दोन-चार म्हातारी माणसं एवढेच असता. एकच गोष्ट करा. मॅनेजरला पहिल्या आठवड्यातच सांगा, की सुट्टीचे दोन दिवस लागून दिलेत तर बरं होईल. बुधवार एक आणि शनिवार एक अशी तुकड्यांतली सुट्टी मिळाली, तर कपडे धुणं आणि बाजारहाट यातच दोन्ही दिवस जातात.

ताई, वर्षभर पैसे साठवून शेवटी एक मोठी टूर करावी, की मधेमधे जात राहावं?

मधेमधे जा. हे मी अगदी ठासून सांगते, कारण शेवटच्या महिन्याचं गणित क्वचितच जमतं. एकाच मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं, त्यामुळे वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलायची, घर बदलायचं, कधी शहरही बदलायचं असतं. शेवटी दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी लागणारं तीन महिन्यांचं ठरावीक काम बाकी असतं, किंवा परतीच्या तिकिटाचे भाव चढलेले असतात. ‘शेवटी बघू’ म्हणणारी मुलं मेलबर्नमध्ये वर्षभर राहून ट्रामच्या पलीकडे न जाता परत आलेली मी पाहिली आहेत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टूरवर तुम्ही पाहुणे असता. दर पंधरा दिवसांनी आसपासच्याच गावात गेलात, तर कुठल्या बेकरीत सकाळी गरम पाव मिळतो, कुठल्या पायवाटेवर पावसानंतर जळवा असतात, कुठला ड्रायव्हर थांबा नसतानाही थांबतो, हे कळायला लागतं. पहाटेची कर्जत लोकल पकडून पेबला किंवा राजमाचीला जाणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. तीच सवय तिकडे न्यायची आहे.

गाडी नसेल तर कुठवर जाता येतं?

पुष्कळ लांब. शहरानुसार सांगते.

मेलबर्न: व्हिक्टोरिया राज्याची व्ही-लाइन रेल्वे सदर्न क्रॉस स्टेशनवरून सुटते. मार्च २०२३ पासून राज्यभर दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. दिवसभरात कितीही फिरा, साधारण अकरा डॉलरच्या आसपास, आणि शनिवार-रविवारी त्याहूनही कमी. जिलाँग सुमारे एक तास, बॅलराट सव्वा ते दीड तास, बेंडिगो दोन तास. बॅलराट आणि बेंडिगो ही सोन्याच्या खाणींमुळे वसलेली गावं. बॅलराटला १८५१ मध्ये सोनं सापडलं आणि तिथल्या खाणकामगारांनी परवाना-शुल्काविरुद्ध १८५४ मध्ये केलेलं बंड तिकडच्या शाळांत शिकवतात. या तीन मार्गांवर जागा राखून ठेवावी लागत नाही, लांबच्या गाड्यांना मात्र लागते.

सिडनी: ओपल कार्ड किंवा साधं बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं. शुक्रवार, शनिवार आणि रविवार दिवसाचं कमाल भाडं दहा डॉलरच्या आत आहे. त्याच भाड्यात सेंट्रल स्टेशनहून दोन तासांवरचं कटूंबा येतं. तिथून चालत एको पॉइंटला गेलात की ‘थ्री सिस्टर्स’ हे तीन सुळके समोर दिसतात. बहुतेक जण फोटो काढून परततात. तुम्ही दरीत उतरा. पायऱ्या खड्या आहेत, पण सह्याद्रीत चालणाऱ्याला जड जाणार नाहीत. उत्तरेला न्यूकॅसल, दक्षिणेला कायमा हेही याच भाड्यात. शहराला लागूनच रॉयल नॅशनल पार्क आहे, १८७९ मध्ये स्थापन झालेलं, जगातल्या सगळ्यात जुन्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक.

ब्रिस्बेन: क्वीन्सलँडने ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारी ट्रेन-बसची सगळी भाडी पन्नास सेंट केली आणि नंतर ती कायम ठेवली. ब्रिस्बेनहून ट्रेनने हेलन्सव्हेल, तिथून ट्रामने गोल्ड कोस्टचा किनारा, सगळं मिळून अर्धा डॉलर. नदीवरच्या फेरीबोटीही त्यातच. विमानतळाची ट्रेन खासगी आहे, तिला हा दर लागू नाही.

पर्थ: फ्रीमँटलहून बोटीने रॉटनेस्ट बेटावर जा. बेटावर पर्यटकांच्या गाड्या नाहीत, सायकल घ्यायची आणि दिवसभर फिरायचं. क्वोका नावाचे छोटे गोंडस प्राणी पायाशी येतात. त्यांना खायला घालायला आणि हात लावायला बंदी आहे, ती पाळा.

पहिल्याच सुट्टीत कुठे जाऊ? अजून काहीच ओळख नाही.

मेलबर्नला असाल तर बेलग्रेव्ह. शहरी रेल्वेचं शेवटचं स्टेशन, फ्लिंडर्स स्ट्रीटहून सुमारे सव्वा तास. वेगळं तिकीट नाही, बुकिंग नाही, काही चुकलं तर पुढच्या गाडीने परत.

बेलग्रेव्हला उतरल्यावर शेजारीच ‘पफिंग बिली’ची वाफेची गाडी उभी असते. १९०० मध्ये सुरू झालेली ही अरुंद मार्गाची गाडी आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा सात वर्षांनी मोठी. रूळही थोडे जास्त रुंद, आपले दोन फुटी, तिचे अडीच फुटी. दरड कोसळून ती १९५० च्या दशकात बंद पडली होती. लोकांनी एकत्र येऊन ती पुन्हा उभी केली आणि आजही तिच्यावरची बरीचशी माणसं स्वयंसेवक आहेत. उघड्या डब्यांत कठड्यावर बसून पाय बाहेर सोडायची मुभा असते. तिकीट स्वस्त नाही, त्यामुळे पहिल्या पगाराआधी नुसती बघायला गेलात तरी चालेल. कोळशाचा वास, निळ्या गणवेशातले आजोबा आणि ती शिटी यांना पैसे पडत नाहीत.

मग तिथूनच पायवाटेने शेरब्रुकच्या जंगलात शिरा. इथली माउंटन अॅश झाडं फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगात सगळ्यात उंच जातीची. बुंध्याची साल लांब पट्ट्यांनी सोलून खाली लोंबत असते आणि वारा सुटला की त्या पट्ट्या खोडावर आपटून खडखडतात. खाली माणसापेक्षा उंच नेच्यांची छत्री. तिथे लायरबर्ड नावाचा तपकिरी पक्षी राहतो. तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. जमिनीवर पाचोळा उकरत असतो, म्हणून झाडांवर शोधू नका, खाली बघा, आणि बोलू नका. हिवाळ्यात, जून-जुलैत, तो जास्त गातो.

ग्रेट ओशन रोड एका दिवसात होतो का?

होतो, पण मला ते पटत नाही. टॉर्कीपासून सुरू होणारा हा सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला, युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. एका दिवसाच्या बसटूरमध्ये बारा तासांतला बहुतेक वेळ काचेमागे जातो आणि ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ या चुनखडीच्या सुळक्यांपाशी भर दुपारच्या गर्दीत जेमतेम तासभर मिळतो.

दोन दिवस असतील तर ट्रेनने जिलाँग, तिथून व्ही-लाइनच्याच कोचने (लांब पल्ल्याच्या बसने) लॉर्न किंवा अपोलो बे. भाडं त्याच रोजच्या मर्यादेत. रात्री हॉस्टेलात राहा, सकाळी समुद्राकाठाने चाला. अपोलो बेच्या पुढे कोच कमी आहेत, वेळापत्रक बघून ठरवा. अपॉसल्सपर्यंत नाही पोचलात तरी रस्त्याचा सगळ्यात देखणा भाग, कडा आणि समुद्र यांच्या मधला, लॉर्न ते अपोलो बे हाच आहे.

ठाण्याचं लायसन्स चालेल का? गाडी भाड्याने घ्यावी का?

तिकडेही वाहनं डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात लवकर बसतो. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे चालतं, पण किती काळ ते राज्यावर ठरतं. व्हिक्टोरियात तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला परदेशी परवान्यावर सहा महिनेच चालवता येतं, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. क्वीन्सलँडमध्ये नियम सैल आहे. निघण्यापूर्वी ठाणे किंवा नवी मुंबईच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. मूळ लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो, परवाना एक वर्ष चालतो. गाडी भाड्याने देणारे तो पाहून निवांत होतात.

पंचवीसच्या आतल्यांना बहुतेक कंपन्या जास्तीचा आकार लावतात. चौघांत एक जण पंचविशीच्या पुढचा असेल तर गाडी त्याच्या नावावर घ्या, आणि जो-जो चालवणार आहे त्याचं नाव करारात लिहिलंच पाहिजे. नाव नसलेला चालवत असताना गाडी ठोकली तर विमा मिळत नाही. करारात आणखी दोन ओळी शोधून वाचा, कच्च्या रस्त्यावर न्यायची मनाई आणि गावाबाहेर रात्री चालवायची मनाई. दुसरीचं कारण कांगारू. ते पहाटे आणि संध्याकाळी चरायला रस्त्याकाठी येतात आणि दिवा दिसला की उलट रस्त्यावर उडी मारतात. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा नियम मी कधी मोडला नाही.

मेलबर्नच्या टोल रस्त्यांवर टोलनाका दिसणारच नाही. वर कॅमेरे असतात, पैसे नंतर तुमच्या कार्डावरून जातात. आणि बिअरचा एक ग्लास घेतला असेल तरी किल्ली दुसऱ्याकडे द्या. तिथली रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, आणि कुठेही थांबवून फुंकायला लावतात.

बीचवर काय काळजी घ्यायची? आम्हाला पोहता येतं.

पोहता येतं म्हणूनच नीट वाचा. तलावात पोहणं आणि तिकडच्या समुद्रात उतरणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जाताना एका पट्ट्यातून जोरात ओढ घेतं, त्याला रिप म्हणतात. फसवं हे की तो पट्टा वरून शांत दिसतो. लाटा फुटत असतात त्या दोन जागांच्या मधली काळसर, सपाट पाण्याची वाट तीच बहुतेक वेळा रिप असते आणि नवखा माणूस ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून नेमका तिथेच उतरतो.

लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. तेवढ्याच भागावर जीवरक्षकांची नजर असते. झेंडे नसतील तर त्या दिवशी पाय भिजवण्यापलीकडे जायचं नाही. ओढ लागलीच तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहायचा प्रयत्न करू नका, त्यातच दम संपतो. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक द्या, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या.

जानेवारी २०२४ मध्ये फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्हज् किनाऱ्यावर भारतीय वंशाच्या चार व्यक्ती बुडून गेल्या. तिथे जीवरक्षकांची गस्त नव्हती. पावसाळ्यात पांडवकडा धबधब्यावर बंदी का असते, हे खारघरवाल्यांना सांगायला नको. तशीच गंभीर नजर तिकडे गेल्यावर ठेवा. ‘बीचसेफ’च्या वेबसाइटवर कुठल्या किनाऱ्यावर कधी गस्त असते ते कळतं.

उत्तर क्वीन्सलँडमध्ये याच्यावर दोन गोष्टी आणखी आहेत. साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात, तेव्हा जाळी लावलेल्या भागातच किंवा अंगभर सूट घालूनच उतरायचं. आणि मगरीची पाटी दिसली, तर पाण्याच्या कडेला बसायचंही नाही.

आमची मुलगी एकटीच जाईल म्हणते. जाऊ द्यावं का? (हा प्रश्न आयांचा)

काकू, जाऊ द्या. मी एकटी पुष्कळ फिरले. दिवसाची ट्रेन, गावातलं हॉस्टेल, लोकांच्या वाटेवरचं जंगल, यात मला भीती वाटली नाही. हॉस्टेलांमध्ये फक्त मुलींची डॉर्म मिळते, ती घ्यायला सांगा.

तिच्याकडून मात्र तीन गोष्टी कबूल करून घ्या. कुठे चालली आहे आणि कोणत्या वाटेने, हे निघण्यापूर्वी एका तिथल्या आणि एका इथल्या माणसाला मेसेज करायचा. जंगलात शिरताना फोनचं नेटवर्क जाईल हे गृहीत धरून परत येण्याची वेळ सांगायची. आणि त्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही, तर तिथल्या माणसाने ०००, म्हणजे तिकडचा आपत्कालीन नंबर, फिरवायचा. फोनमध्ये ‘इमर्जन्सी प्लस’ अॅप असलं की ती नेमकी कुठे आहे ते सांगता येतं. डोंगराळ भागात जायचं तर टेल्स्ट्राच्या नेटवर्कचं सिम घ्या, त्याची व्याप्ती सगळ्यात जास्त.

तुमच्या बाजूने एक मदत करा. मेलबर्न-सिडनी आपल्यापुढे हिवाळ्यात साडेचार तास आणि ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास असतं. ब्रिस्बेन वर्षभर साडेचार तास, पर्थ अडीच. तुमची रात्रीची जेवणं आटपतात तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. फोन उचलला नाही म्हणून घाबरू नका, झोपलेली असेल.

शाकाहारी माणसाचं बाहेरगावी कसं होतं?

छान होतं, फक्त हॉटेलवर विसंबू नका. छोट्या गावात रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि शाकाहारी म्हणून चिप्सच हाती येतात. हॉस्टेलला स्वयंपाकघर असतंच.

त्याहून मला प्रिय म्हणजे सार्वजनिक बागांतले विजेचे बार्बेक्यू. बहुतेक गावांच्या बागेत, नदीकाठी, किनाऱ्यावर स्टीलची सपाट तवेवजा पत्रं बसवलेली असतात, बटण दाबलं की तापतात, पैसे नाहीत. ग्रॅम्पियन्सच्या डोंगरातल्या हॉल्स गॅप गावात आम्ही त्यावर थालीपिठं लावली होती. भाजणी घरून आणली होती, कांदा-कोथिंबीर तिथल्या दुकानातली. ओल्या कागदावर थापायची, उलटी टाकायची आणि कागद सोडवायचा. पत्र्याला उतार असतो, त्यामुळे तेल एका बाजूला ओघळतं, म्हणून भोकात चमचाभर जास्त सोडा. पलीकडच्या मैदानावर कांगारू चरत होते. शेजारच्या पत्र्यावर सॉसेज भाजणाऱ्या कुटुंबाने विचारलं, दिलं, त्यांनी लोणी लावून खाल्लं. उठताना पत्रा खरवडून पुसून ठेवायचा, ही तिथली रीत. आधी मांसाहारी काही भाजलेलं असतं हे ज्यांना चालत नाही, त्यांनी फॉइल न्यावी.

भाजणी, मेतकूट, चटण्या नेताना विमानातल्या प्रवेशपत्रावर ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं लिहाच. लिहिलेल्या वस्तूबद्दल फार तर ती काढून घेतील, लपवलेल्या वस्तूला मोठा दंड आहे. पेढे-बर्फी, ताजी फळं, पेरण्याजोगं बी नेऊ नका. एका राज्यातून दुसऱ्यात जातानाही हे लागू पडतं. साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ताजी फळं घेऊन शिरता येत नाही. सीमेवर फळं टाकायचे डबे ठेवलेले असतात.

शेतावर काम लागलं तर? तिथून कुठे जाणार?

शहरातल्या मुलांना वाटतं त्यापेक्षा चांगल्या जागी. मिल्डुराला द्राक्षांच्या मळ्यावर असाल तर मरे नदी हाकेवर आहे. तिथून शंभरेक किलोमीटरवर मंगो नॅशनल पार्क, कोरड्या पडलेल्या तळ्याचा पांढरा प्रदेश. इथे १९६८ मध्ये आणि १९७४ मध्ये माणसांचे अवशेष सापडले, सुमारे बेचाळीस हजार वर्षांपूर्वीचे. ऑस्ट्रेलिया हा ‘नवा देश’ नाही हे तिथे उभं राहिल्यावर मनात पक्कं बसतं. आदिवासी मार्गदर्शकासोबतच वाळूच्या भिंतींमध्ये चाला, एकट्याने तिथे फिरायला परवानगी नसते. रस्ता कच्चा आहे, पाऊस पडला की बंद. भाड्याची गाडी चालणार नाही, टूर घ्या.

शेतावर सुट्टी हवामान ठरवतं. पाऊस आला की काम नाही. सॅक भरून तयार ठेवा.

बर्फ बघायचाय!

जून ते सप्टेंबर. मेलबर्नहून सगळ्यात जवळ माउंट डोना ब्वांग, वॉरबर्टन गावाच्या वर. तिथे स्कीइंग नाही, पण घसरगाडी आणि बर्फात खेळणं होतं. खेळ शिकायचा असेल तर माउंट बुलर. मोसमात डोंगरावर गाडी नेताना चाकाच्या साखळ्या सोबत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्या पायथ्याच्या दुकानात भाड्याने मिळतात. जीन्स घालू नका, ओली झाली की दिवस संपला.

लाँग वीकेंडला जावं का?

ईस्टरचे चार दिवस, २६ जानेवारी (तिकडचा ऑस्ट्रेलिया डे), जूनमधला राजाचा वाढदिवस, मेलबर्नला नोव्हेंबरचा पहिला मंगळवार: या दिवसांत भाव दुप्पट आणि रस्ते तुंबलेले. तुम्ही त्या दिवशी काम करा, अडीचपट घ्या आणि पुढच्या आठवड्यात जा.

एवढ्या जवळ आहोत तर न्यूझीलंड, बाली?

न्यूझीलंडला भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो, ऑस्ट्रेलियाचा तात्पुरता व्हिसा असून उपयोग नाही. आठवड्याभराआधी ठरवून होणार नाही. बालीला उतरल्यावर व्हिसा मिळतो आणि पर्थहून विमान साडेतीन तासांचं, पण बाली ठाण्याहूनही जाता येतं. ते वर्ष ऑस्ट्रेलियाला द्या.

उन्हाळ्यात वणव्यांची भीती असते ना?

असते. डिसेंबर २०२४ मध्ये ग्रॅम्पियन्समध्ये मोठा वणवा लागला, आठवडे चालला, पुढे कित्येक महिने वाटा बंद होत्या. डिसेंबर ते फेब्रुवारी निघायच्या सकाळी राज्याचं आपत्ती अॅप बघा. व्हिक्टोरियात ‘व्हिकइमर्जन्सी’, न्यू साउथ वेल्समध्ये ‘हॅझर्ड्स निअर मी’. आगीचा धोका ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ सांगितला असेल तर त्या भागात जायचंच नाही. बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ देत.

पाय मुरगळला, ताप आला तर खर्च किती?

भारताशी तसा करार नसल्यामुळे मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही. खासगी आरोग्यविमा घ्याच. पॉलिसीत ‘अॅम्ब्युलन्स’ हा शब्द शोधा. डोंगरातून खाली आणायला हेलिकॉप्टर आलं, तर बिल कित्येक महिन्यांच्या पगाराएवढं होऊ शकतं.

निघण्यापूर्वी ठाण्यात राहून काय तयारी करावी?

पोहणं पक्कं करा, पालिकेच्या तलावात दोन महिने जा. दमला असताना तरंगून राहता येणं हे वेगापेक्षा महत्त्वाचं. गाडी हायवेवर चालवायची सवय करा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये शिकलेलं तिकडच्या ताशी ११० च्या मोकळ्या रस्त्याला पुरत नाही. बूट इथेच घ्या आणि येऊरला, राजमाचीला वापरून मऊ करा. नवे कोरे बूट तिकडे आतली चिखलमाती तपासणाऱ्यांना आवडतात, पण पायांना नाही. जुने नेत असाल तर तळवे ब्रशने घासून स्वच्छ करा, माती लागलेले बूट विमानतळावर जाहीर करावे लागतात.

ब्रिटनला चाललोय, हे सगळं लागू पडेल का?

तिकडची यंग प्रोफेशनल्स योजना दोन वर्षांची आहे, वयोमर्यादा तीच, सोडतही आहे, वर्षाला तीन हजार जागा. गेल्या-गेल्या रेलकार्ड काढा, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. पॅरिसचा वीकेंड मनात असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज फार आधी करावा लागेल.

आई-बाबा महिनाभर भेटायला येणार आहेत. त्यांना कुठे न्यावं?

मेलबर्नच्या मध्यभागात ट्रामला तिकीट लागत नाही, पहिले दोन दिवस त्यातूनच फिरवा. मग पफिंग बिली. मग बॅलराटचं सोव्हरिन हिल, खाणीच्या काळातलं उभं केलेलं गाव. बाबांना तिथे पाण्यात पाटी हलवून सोन्याचे कण शोधता येतात, तिथून ते लवकर निघणार नाहीत.

फिलिप आयलंडला पेंग्विन बघायला न्यायचंच. अंधार पडताना फूटभर उंचीचे पेंग्विन समुद्रातून येतात, थवा जमेपर्यंत पाण्याच्या कडेला थांबतात आणि मग एकदम वाळू ओलांडून बिळांकडे पळतात. फोटो काढायला सक्त मनाई आहे, फ्लॅशने त्यांचे डोळे दिपतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे मोबाइल खिशात राहतील. जानेवारीतही वारा बोचरा असतो आणि बसायच्या पायऱ्या गार पडलेल्या असतात. आईसाठी कानटोपी, बाबांसाठी जाड जाकीट आणि दोघांखाली अंथरायला एक सतरंजी न्या. परतीची बस रात्री उशिरा मेलबर्नला पोचते, दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट घेऊ नका.